नंतर आठवण करा

"आधी काय वापरत होतात?" दुकानदारानं विचारलं.

चष्मा कपाळावर सरकवून तो काउंटरवर मांडलेल्या तीन खोक्यांकडे बघत होता. प्रश्न त्यानं सहज विचारला होता, डॉक्टर 'भूक लागते ना' विचारतो तितका सहज, आणि उत्तराची वाट न बघता पहिल्या खोक्याची चिकटपट्टी नखानं सोडवायलाही घेतली होती. तरी तिच्या मानेवर काहीतरी गरम चढलं. "होतं एक," ती म्हणाली, "बंद पडलं." बोलून झाल्यावर ते दोन शब्द तिला परक्या माणसाच्या तोंडून यावेत तसे ऐकू आले. बंद पडलं. जसं भिंतीवरचं घड्याळ बंद पडतं, आपलं आपण, कुणाचा हात न लागता. गेले बारा दिवस ती घरीदारी सगळ्यांना हेच सांगत आली होती. फरक फक्त एका कान्याचा होता. पडलं आणि पाडलं. शाळेत शुद्धलेखनाच्या बाईंनी असल्याच एका कान्यासाठी तिला सबंध पान पुन्हा लिहायला लावलं होतं, आणि ती रडत रडत, शाई पुसत लिहीत बसली होती. त्या बाई आता हयात नसतील. असत्या तरी या कान्यापर्यंत त्या पोचल्या नसत्या.

"घरात किती कॉम्प्युटर?" "चार." माझा, नवऱ्याचा, मुलीचा, हे तिनं बोटांवर मोजलं आणि चौथ्या बोटाशी थांबली. दुकानदारानं समजावून सांगायला सुरुवात केली. ही साधी बाहेरची डिस्क, स्वस्तात काम, पण आठवणीनं जोडावी लागते. हा डबा, यात दोन डिस्का, एक गेली तरी दुसरी शाबूत, घरातले सगळे कॉम्प्युटर रोज ठरल्या वेळी आपोआप यात उतरतात. आणि हे तिसरं म्हणजे खोकंच रिकामं आहे, आत नुसता कागद, कारण प्रत दूर कुठेतरी त्यांच्या यंत्रांवर राहते. घराला आग लागली तरी ती सुखरूप. ती मान डोलवत होती. यातलं एक अक्षर तिला नवीन नव्हतं. एका विमा कंपनीच्या कचेरीत तिचं कामच ते होतं. दर सोमवारी आदल्या आठवड्याच्या बॅकअपमधली हाताला लागेल ती एक फाइल उचलायची, परत आणून उघडून बघायची, आणि मग तक्त्यावर सही करायची. न तपासलेला बॅकअप हा बॅकअपच नव्हे, हे वाक्य तिनं नव्या लोकांसमोर इतक्यांदा म्हटलं होतं की जेवणाच्या सुट्टीत तिचे सहकारी तिच्याच आवाजात, तिच्यासारखं बोट उंचावून ते म्हणून दाखवत, आणि तीही हसायची. नऊ वर्षांत एकही सोमवार चुकला नव्हता. घरी मात्र सोमवार नव्हताच.

घरी सासूबाई होत्या. चाळीस वर्षं त्यांनी कपडे शिवले, पण ज्यांना बाजारातले तयार कपडे बसतात त्यांचे नाहीत. एक खांदा वर नि एक खाली असलेली पोस्टातली बाई. पाठीला पट्टा बांधून शाळेत जाणारी मुलगी, जिला पट्ट्यावरून चढेल आणि तरी पट्टा दिसणार नाही असा फ्रॉक हवा असायचा. ऑपरेशननंतर छातीची एक बाजू सपाट झालेल्या बायका. त्या दार अर्धं लोटून आत यायच्या आणि मापं देताना भिंतीकडे बघायच्या. पियानो दुरुस्त करणारा, एक हात कोपरापासून नसलेला गृहस्थ. सासूबाई कुणाला काही विचारत नसत. टेप गळ्यात टाकायच्या, खडू उचलायच्या आणि म्हणायच्या, "उभे राहा सहज. घरी उभे राहता तसे." प्रत्येकाचं खाकी कागदावर पेपर कटिंग होतं, आणि कडेला पेन्सिलीनं बारीक टिपण. 'डावा मुंढा अर्धा इंच खोल.' 'बोलताना उजवीकडे झुकते, घेर उजवीकडे सोडणे.' 'आरशात बघत नाही, म्हणून बटणं पुढे.' लग्न होऊन या घरात आली तेव्हा तिला ती टिपणं वाचून हसू आलं होतं. मग एकदा बाळंतपणानंतर तिच्यासाठीच शिवलेल्या कोटाचं कटिंग तिच्या हाती लागलं, आणि त्यावर लिहिलं होतं, 'सध्या पोटावर हात ठेवून चालते. तिथे अस्तर मऊ घेणे.' त्या कागदाकडे ती किती वेळ बघत उभी होती ते तिला आठवत नाही. तो कागदही गेला. सगळ्यांबरोबर गेला.

तो कागद गेला, असं नाही. तो तिनं बांधला होता. डोळे थकल्यावर सासूबाईंनी शिवण थांबवलं तेव्हा कॉम्प्युटरची कल्पना तिचीच होती. सत्तरीला आलेल्या बाईला तिनं कटिंगं तुकड्या-तुकड्यांनी स्कॅन करायला, जोडायला, टिपणं टाइप करायला शिकवलं. सासूबाई एका बोटानं टाइप करायच्या, ओठ मुडपून, जणू सुईत दोरा ओवताहेत. दोन हिवाळे त्यात गेले. तीनशे चाळीस कटिंगं. पुढच्या वर्षी शिवणवर्गाच्या बाई ती शिकवायला घेणार होत्या. त्यांच्याकडच्या मुलींना सरळ अंगांचे कपडे येतात, वाकड्या अंगांचे कुणी शिकवत नाही, असं त्या म्हणाल्या होत्या, आणि त्या दिवशी सासूबाईंनी उगाचच सगळ्या घराचे पडदे धुवायला काढले होते. पण त्याच्या कितीतरी आधी, दोन वर्षांपूर्वी, मुलीला कपाट हवं झालं होतं. कपाटात गठ्ठे होते. "आई, आता हे कशाला?" तिनं सासूबाईंना विचारलं होतं. "सगळं आत आहे ना." सासूबाईंनी एका गठ्ठ्यावर हात ठेवला. "राहू दे की गं. कागद काही खायला मागत नाही." मग जरा वेळानं, "आणि समजा, यंत्र बिघडलं तर?" तेव्हा ती हसली होती. ते हसू तिला आता नको तेव्हा आठवतं, लिफ्टच्या आरशात, दात घासताना. कचेरीत नव्या मुलांसमोर हसायची तसं, थोडं कौतुकाचं, थोडं वरून खाली आलेलं. "आई, आपोआप दुसरीकडे प्रत जाते. तुम्हाला काही करावंच लागत नाही." आणि तिनं स्वतः सुतळी आणून गठ्ठे बांधले, दोन खेपा करून खाली रद्दीच्या गाडीपाशी नेऊन दिले. वर आली तेव्हा सासूबाई रिकाम्या कपाटात जुनी ओढणी फिरवून धूळ पुसत होत्या.

आपोआप जात होती. महिनाभर. ते महिनाभराचंच होतं, आवडलं तर पैसे भरून पुढे चालू ठेवा म्हणून फुकट दिलेलं. मुदत संपली त्या आठवड्यात कचेरीत तपासनीस आले होते. मग मुलीच्या परीक्षा. मग काय होतं? मग काहीच नव्हतं. ती आता आठवून बघते तेव्हा ते मधले महिने रिकामे सापडतात, एखादं कारण ठेवायलासुद्धा जागा सापडत नाही. दर आठवड्याला सासूबाईंच्या कॉम्प्युटरवर एक चौकट यायची. तुमची मुदत संपली आहे. खाली दोन बटणं: 'चालू करा' आणि 'नंतर आठवण करा'. "अगं," खोलीतून हाक यायची, "हे काहीतरी विचारतंय बघ." "नंतर दाबा, आई." पुढच्या आठवड्यात पुन्हा. "अगं, परत आलं." हात पिठात असायचे, किंवा फोन कानाला. चौथ्या-पाचव्या वेळी ती दारातूनच तडकली होती. "प्रत्येक वेळी मला हाक नका ना मारू, आई. दिसलं की नंतर दाबायचं. बस." सासूबाई 'बरं' म्हणाल्या. त्यानंतर हाक आली नाही. दोन वर्षं, आठवड्यातून एकदा, त्या बटण दाबत राहिल्या, शहाण्या मुलीसारख्या. प्रत ठेवणाऱ्या त्या कंपनीकडून तिला एक मेलही आली होती, जुनी प्रत साठ दिवसांनी पुसून टाकली जाईल, अशी. ती तिनं एका बैठकीत टेबलाखाली वाचली होती आणि अंगठ्यानं बाजूला सारली होती. अंगठ्याची ती हालचाल तिला अजून आठवते. ताटातला खडा बाजूला सारावा तशी.

मंगळवारी सासूबाईंचा कॉम्प्युटर टिक टिक करायला लागला, बुधवारी सुरूच होईना. डिस्क घेऊन ती शहराच्या दुसऱ्या टोकाला अशा कामांतल्या एका तज्ज्ञ बाईंकडे गेली. चार दिवसांनी त्या बाईंनी डिस्क प्लास्टिकच्या पिशवीत घालून परत दिली. आत ओरखडे गेलेत, त्या म्हणाल्या, खरवडून निघालंय सगळं. "दुसरी प्रत असेलच ना?" ती दुपारी घरी आली, पिशवी हातात. सासूबाई पलंगाच्या कडेला बसल्या होत्या, पाय जमिनीला जेमतेम टेकलेले. त्यांनी पिशवीकडे बघितलं. मग म्हणाल्या, "मीच दाबत होते गं."

"काय?"

"ते बटण. नंतर, नंतर. त्यात लिहिलेलं असायचं मुदत संपलीय म्हणून. मला वाचता येत नव्हतं का? पण तू चिडशील म्हणून... नाही, तुझं नाव कशाला. मला विचारायची लाज वाटली. इतकं शिकवलंस तू, आणि तरी हिला कळत नाही, असं वाटेल तुला." त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि सोडलं. "माझ्या हातानं घालवलं मी सगळं."

खिडकीतून ऊन येत होतं. शिवणयंत्राच्या झाकणावर त्याची पट्टी पडली होती. याच क्षणी बोलायचं होतं. एक वाक्य पुरलं असतं. वाक्य तयारही होतं, जिभेच्या टोकाशी, मी सांगितलं होतं तुम्हाला दाबायला, मला माहीत होतं, आणि त्याच वेळी तिच्या आत काहीतरी थंड, सुखाचं पसरत गेलं, भाजलेल्या बोटावर नळाचं पाणी सोडावं तसं. यांना वाटतंय यांचं चुकलं. कुणी तिला विचारणार नव्हतं. तिनं सासूबाईंच्या खांद्यावर हात ठेवला. "जाऊ द्या, आई," ती म्हणाली. "मुद्दाम थोडंच केलंत."

मुद्दाम थोडंच केलंत. तिनं त्यांना माफ केलं होतं.

पुढे बारा दिवस हे घरात राहिलं, न सांगता आलेल्या पाहुण्यासारखं, प्रत्येक खोलीत, ताटावर. सासूबाई सकाळी उठून केस विंचरून बसायच्या आणि फोन करायच्या. मुलीला, बहिणीला, शिवणवर्गाच्या बाईंना. दार लोटलेलं असलं तरी आवाज यायचा. "अहो, माझ्याच हातून गेलं. चुकीचं बटण. हो ना. म्हातारपण." म्हातारपण म्हणताना त्या हसायच्या, समोरच्याला अवघडायला होऊ नये म्हणून. ती स्वयंपाकघरात नळ मोठा सोडायची. नवरा जेवताना म्हणाला, "आयुष्यभर बटणं लावली आईनं, शेवटी एकानं दगा दिला," आणि सासूबाईही हसल्या. तीही हसली. तोंडातला घास गालात धरून ती हसत राहिली. नवरा तिला बाजूला घेऊन म्हणाला, "तू किती समजून घेतलंस आईला. दुसरी असती तर बोलली असती." त्यानं तिच्या केसांवरून हात फिरवला, आणि तिला वाटलं आता हा हात उचलला की त्याला काहीतरी लागलेलं दिसेल, काजळीसारखं.

मग तिनं कामाला हात घातला. घरातल्या सगळ्या कॉम्प्युटरसाठी उत्तमातला उत्तम उपाय निवडायचा. तिनं तक्ता केला. सात उपाय उभे, अकरा मुद्दे आडवे. किती जुन्या प्रती राहतात, प्रवासात चालतो का, कुलूपबंद असतो का, परत आणायला किती वेळ. कचेरीत मधल्या सुट्टीत ती त्या तक्त्यात चौकोन भरायची आणि तेवढा वेळ बरं वाटायचं, पाय मोडलेल्या माणसाच्या उशाशी बसून जिन्याचा कठडा कुठला बरा याची चर्चा करताना वाटत असेल तसं. सासूबाईंना तिनं तक्ता दाखवला. त्यांनी चष्मा लावून तो नीट वाचला. "छान केलंयस," त्या म्हणाल्या. "पण माझ्यासाठी नको घेऊ हं. माझं आता काय आहे त्यात."

"मॅडम?" दुकानदार म्हणाला. "कुठलं देऊ?"

"डबा. आणि ते दूरचंही. दोन्ही."

"शहाण्या आहात." तो पावतीचं पुस्तक शोधू लागला. "लोक येतात, सगळे हेच म्हणतात, बंद पडलं. बंद काही पडत नसतं हो. यंत्र बिचारं सांगत असतं, मुदत संपली, जागा संपली, बघा. माणूस म्हणतो, नंतर." त्यानं डब्यावर थाप मारली. "म्हणून हे घ्या. याला 'नंतर'चं बटणच ठेवलेलं नाही."

तो हसला. ती हसली नाही. तिला वाटलं याला माहीत आहे. मग वाटलं, माहीत नाही, आणि हेच जास्त वाईट. कारण म्हणजे तिच्यासारखी माणसं इतकी आहेत की दुकानदाराला त्यांच्यावर विनोद पाठ झालेत. खोकं छातीशी धरून ती रस्त्यावर आली. रविवारी बसवायचं, तिनं ठरवलं, सगळे घरी असताना. सांगायचं मात्र तिनं ठरवलं नव्हतं. पुढे पुष्कळ दिवस तिनं स्वतःला पटवून बघितलं की ठरवलं होतं, खोकं उचलतानाच ठरवलं होतं. पण ते खरं नाही.

रविवारी सकाळी अकराच्या सुमारास तिनं डबा बाहेरच्या खोलीतल्या कपाटावर ठेवला आणि तारा जोडल्या. नवरा स्टुलावर चढून तार भिंतीच्या कडेनं नेत होता. मुलगी, सोळा वर्षांची, जिला घरात अजून ठमी म्हणत आणि ती त्यावरून अजून चिडे, तिन्ही कॉम्प्युटर टेबलावर मांडून पासवर्ड सुचवत होती, एकेक जास्त अचाट. हवा छान होती, खिडक्या उघड्या होत्या. चौथा कॉम्प्युटरही होता. त्यात नवी डिस्क घालून तिनं तो परत आणला होता, आत काहीच नव्हतं. सासूबाई दारात उभ्या होत्या. त्यांचे हात पाठीमागे होते. काचेच्या सामानाच्या दुकानात लहान मुलाला हात मागे ठेव म्हणून सांगतात, तसे, एकात एक अडकवलेले.

"आजी, ये ना," ठमी म्हणाली. "तुझंही करून टाकू."

"नको बाई. मी लांबूनच बघते. माझा हात लागला की बिघडतं."

"अगं, यात बिघडतच नाही काही," ठमीनं मान न वळवता सांगितलं, फार प्रेमानं. "हे अगदी तुझ्यासाठीच आहे. यात काही दाबावंच लागत नाही. म्हणजे परत तुझ्याकडून तसली चूक होणारच नाही."

सासूबाई 'हो का' म्हणाल्या. मागचे हात त्यांनी जरा आणखी वर ओढून घेतले.

"चूक आईंची नव्हती," ती म्हणाली.

आवाज आला तेव्हा तिलाच कळलं नाही की आपण बोललो. तार हातात होती. नवरा स्टुलावरून म्हणाला, "तेच, यंत्र आहे शेवटी..."

"यंत्राची नव्हती. माझी होती. मुदत महिन्याची होती आणि संपल्याचं मला माहीत होतं. आईंनी मला दर वेळी हाक मारली होती. मीच त्यांना सांगितलं, नंतर दाबा म्हणून. ओरडून सांगितलं. जुनी प्रत पुसणार म्हणून मला मेल आली होती. ती मी वाचली होती."

डब्यावर एक हिरवा दिवा लागला होता, तो उघडझाप करत होता. नवरा स्टुलावर तसाच, हात भिंतीला लावून, आणि त्या उंचीवर तो मूर्ख दिसत होता, आणि तो तसा दिसावा याचीही तिला शरम वाटली.

"महिन्याची मुदत होती?" सासूबाईंनी विचारलं. आवाज शांत होता, माप घेताना आकडा पुन्हा विचारावा तसा.

"हो."

"गठ्ठे बांधलेस तेव्हा माहीत होतं?"

"होतं. पुढे चालू करीन, असं म्हटलं होतं मनाशी."

"आणि त्या दिवशी? मी पलंगावर बसून सांगितलं तुला, तेव्हा?"

"तेव्हाही."

सासूबाईंनी मान हलवली, दोनदा. मग त्या आत गेल्या. दार लागल्याचा आवाज आला नाही. नवरा स्टुलावरून उतरला आणि म्हणाला, "बारा दिवस?" एवढंच. ठमीचे डोळे भरले होते; ती आईकडे न बघता टेबलावरच्या कळफलकातली धूळ नखानं काढत होती. काही तरी म्हणायला हवं होतं, पण जे म्हणायचं ते म्हणून झालं होतं, आणि हलकं वाटलं नव्हतं. कबूल केल्यावर हलकं वाटतं असं ती समजत आली होती. उलट आता ते बाहेर होतं, टेबलावर, सगळ्यांच्या मध्ये, आणि कुणालाच ते उचलून ठेवता येत नव्हतं.

सासूबाई परत आल्या तेव्हा त्यांच्या एका हातात फोन होता आणि दुसऱ्यात त्यांची फोननंबरांची वही. त्या खुर्चीवर बसल्या. शेजारच्या खुर्चीकडे बोट दाखवलं. "बस."

ती बसली.

"कागद गेले ते गेले," सासूबाई म्हणाल्या. "त्याचं मी बघेन काय करायचं ते. पण बारा दिवस मी चारजणांना सांगत बसलेय की मी वेंधळी झाले. लोक माझी समजूत घालतायत. मला." पहिल्यांदा त्यांचा आवाज कापला, आणि त्यांनी तो थांबून, गिळून सरळ केला. "ज्यांना ज्यांना मी सांगितलं, त्यांना आता तू सांग. इथे बसून. मला ऐकायचंय."

"आई, अगं..." नवरा म्हणाला.

"तू तार लाव."

पहिला फोन नणंदेला. तिनं सगळं ऐकून घेतलं; पलीकडे कुठेतरी भांडी लावल्याचा आवाज येत होता. मग, "वहिनी, मला आता तुझ्याशी बोलवत नाही. ठेवते." दुसरा सासूबाईंच्या बहिणीला. मावशी आधी म्हणाल्या, "असू दे गं, होतं," मग काहीतरी लक्षात येऊन म्हणाल्या, "पण ती इथे फोनवर रडत होती, तेव्हा तू घरात होतीस?" "होते." "शेजारच्या खोलीत?" "हो." शिवणवर्गाच्या बाई फार नम्र होत्या. सांगितल्याबद्दल आभार, असं त्या म्हणाल्या, आणि नंतर, जणू सहज, "तुम्ही याच कामात आहात ना?" प्रत्येक वेळी तिला वाटायचं की पुढच्या वेळी वाक्यं सोपी जातील. जात नव्हती. दर वेळी ती तीच वाक्यं नव्यानं शोधत होती, आणि दर वेळी कुठेतरी 'बंद पडलं' जिभेवर यायचं, आणि ती थांबून ते बदलायची. सासूबाई वहीचं पान धरून बसल्या होत्या. त्या तिच्याकडे बघत नव्हत्या. नंबर मात्र त्याच लावत होत्या, एका बोटानं.

"आता हा शेवटचा," त्या म्हणाल्या. "काजवाली."

काजवाली म्हणजे सासूबाईंच्या हाताखाली तीस वर्षं काजं करणारी बाई. आता ऐंशीच्या पुढची, लेकीकडे राहणारी. तिला फारसं ऐकू येत नसे. फोन उचलला गेला आणि सासूबाईंनी तो मोठ्या आवाजावर टाकून टेबलावर ठेवला.

"कोण?"

"मी बोलतेय," ती म्हणाली. "आईंचे कागद गेले ना, त्याबद्दल..."

"काय?"

"आईंचे कागद! कटिंगं! कॉम्प्युटरमधली!"

"ऐकू येत नाही गं बाई."

"मोठ्यानं बोल," सासूबाई म्हणाल्या. "तिला ऐकू येत नाही."

खिडक्या उघड्या होत्या. समोरच्या इमारतीत एक माणूस गॅलरीत कपडे वाळत घालत होता. रस्त्यावर रविवारची शांतता होती. तिनं श्वास घेतला. "ती कटिंगं आईंनी घालवली नाहीत! मी घालवली! माझ्यामुळे गेली!"

"कुणामुळे?"

"माझ्यामुळे! आईंनी बटण दाबलं ते मी सांगितलं म्हणून! आणि मी खोटं बोलले! बारा दिवस गप्प बसले!"

समोरचा माणूस हातात ओला शर्ट धरून थांबला. ठमीनं तोंडावर हात दाबला होता. नवरा भिंतीकडे तोंड करून तार धरून उभा होता आणि त्याची मान लाल झाली होती. टेबलावरच्या फोनमधून खरखर आली, मग त्या म्हातारीचा आवाज, सगळ्या खोलीला पुरेल असा.

"तरीच! मी लेकीला तेव्हाच म्हटलं, काहीतरी घोळ आहे. तीस वर्षं माझ्या काजांवर तिनं बटणं लावली, एक केसभर इकडचं तिकडे झालं नाही. ती कसलं चुकीचं बटण दाबतेय!"

सासूबाईंनी वही मिटली. त्यांचा चेहरा आधी होता तसाच राहिला, आणि मग एकदम सगळाच हलला, त्यांनी तो दोन्ही हातांनी झाकून घेतला, आणि त्या हसताहेत की रडताहेत हे तिला कळेना. तिनं हात पुढे केला आणि मध्येच मागे घेतला. खांद्यावर हात ठेवायचा हक्क तिनं त्या दुपारी वापरून संपवला होता.

"पण बाई," फोन म्हणाला, "तू कोण बोलतेयस?"

ती सासूबाईंकडे बघत राहिली. सासूबाईंनी हात खाली घेतले, पदरानं डोळे पुसले, नाक पुसलं. अजूनही त्या तिच्याकडे बघत नव्हत्या.

"सांग की," त्या म्हणाल्या. "सून म्हण. आहेस अजून."

"सून!" ती म्हणाली.

"काय?"

"सून बोलतेय!" समोरच्या गॅलरीतल्या माणसानं शर्ट तसाच दोरीवर टाकला आणि तो आत निघून गेला. "त्यांची सून!"

"ऐकू येत नाही," पलीकडून आलं. "पुन्हा सांग."